पावणेसातशे वर्षांचा बंधारा आणि राजवाड्यासारखं पंपघर : ऑग्सबर्गला जायचं ते पाणी बघायला

जर्मनीला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या इन्स्टाग्रामवर काही फोटो ठरलेले असतात. म्युनिकचा मारियनप्लाट्स चौक, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, बीएमडब्ल्यूचं म्युझियम. या म्युनिकपासून साधारण ६० किलोमीटरवर, रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल असं ऑग्सबर्ग नावाचं शहर आहे. वस्ती सुमारे ३ लाख. तिथे बघण्यासारखं काय, असं विचारलं तर उत्तर थोडं विचित्र येतं : पाणीपुरवठा योजना.

सुट्टी काढून, विमानाचं तिकीट काढून पाणीपुरवठा योजना बघायला कोण जातं? पण ही योजना ताजमहाल आणि अजिंठ्याच्या यादीत आहे. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोनं 'ऑग्सबर्गची जलव्यवस्थापन प्रणाली' जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात एकूण २२ ठिकाणं येतात : नदीवरचा बंधारा, कालवे, पाण्याचे मनोरे, कारंजी, एक खाटीकखाना, पंपघर, जलविद्युत केंद्रं आणि चक्क ऑलिम्पिकची एक शर्यतीची जागा.

यातल्या बऱ्याच गोष्टी अजून कामात आहेत. बंधारा पाणी वळवतो, केंद्रं वीज बनवतात, कालवे वाहतात. मध्ययुगात पिठाच्या गिरण्या फिरवायला काढलेलं पाणी पुढे पंप चालवायला लागलं, मग कापड गिरण्या, मग वीज आणि शेवटी खेळ. पाणी तेच राहिलं, दर शतकात त्याला नवं काम मिळत गेलं. ही सगळी गोष्ट जिथून सुरू होते तो बंधारा शहराच्या आग्नेयेला आहे. त्याचं नाव होखआब्लास.

अडवायचं नाही, वळवायचं

आधी नदीची ओळख. तिचं स्पेलिंग वाचून आपण 'लेख' म्हणू, पण जर्मन उच्चार 'लेश'च्या जवळ जातो. ही नदी ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि पुढे डॅन्यूबला मिळते. डोंगरातून उतरल्यामुळे तिला भरपूर वेग आहे, आणि तो वेग ती सोबत खडी-गोटे घेऊन येते. ऑग्सबर्गमध्ये तिला वेर्टाख ही दुसरी नदी मिळते. रोमनांनी इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास या दोन नद्यांच्या मधल्या भागात छावणी टाकली, तीच पुढे सम्राट ऑगस्टसच्या नावानं ऑग्सबर्ग झाली.

शहराचा जुना भाग उंचवट्यावर आहे आणि नदी खाली, पूर्वेला. या उताराच्या पायथ्याशी कारागिरांची वस्ती होती. त्यांना पाण्याचा जोर हवा होता, पण नदीचा लहरीपणा नको होता. मग उपाय एकच. शहराच्या वरच्या अंगाला नदीत आडवा बंधारा घालायचा, पाण्याची पातळी थोडी उचलायची आणि हवं तेवढंच पाणी पाटात सोडायचं. बाकीचं पाणी बंधाऱ्यावरून आपल्या वाटेनं निघून जातं.

धरण आणि बंधारा यांच्यातला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. धरण पाणी साठवतं. असा बंधारा ते फक्त वळवतो. धुळे-नाशिककडच्या वाचकांना हे वेगळं सांगायची गरज नाही. पांझरा आणि मोसम नद्यांवरचे फड पद्धतीचे जुने बंधारे नेमकं हेच करतात. फरक इतकाच की फडाचं पाणी शेतात गेलं आणि लेशचं पाणी चाकांवर पडलं.

होखआब्लासचा उल्लेख १३४६ च्या कागदपत्रांत सापडतो. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्याची स्थापना व्हायची होती, तेव्हा या जागी बंधारा होता. अर्थात आज दिसतो तो बंधारा तेव्हाचा नाही. लाकूड आणि दगडगोट्यांचे जुने बंधारे पुरात मोडायचे, पुन्हा बांधले जायचे. जागा आणि काम मात्र कायम राहिलं. 'होख' म्हणजे उंच आणि 'आब्लास' म्हणजे पाणी सोडायची जागा. गंमत म्हणजे चर्च पैसे घेऊन जी पापमुक्तीची पत्रं द्यायचं, त्यांनाही जर्मनमध्ये आब्लासच म्हणतात. मार्टिन लूथरनं ज्यांच्याविरुद्ध आवाज उठवला ती हीच पत्रं, आणि त्याबद्दल १५१८ मध्ये त्याची चौकशी झाली तीही याच शहरात. दोन्हींचा संबंध फक्त शब्दापुरता.

आज होखआब्लासवर गेलात तर बंधाऱ्यावरूनच चालत किंवा सायकल हातात धरून पलीकडे जाता येतं. पायाखाली पाणी कोसळत असतं आणि एका अंगाला दरवाजांमधून शांतपणे कालव्यात शिरत असतं. एकाच नदीचे हे दोन स्वभाव शेजारी शेजारी दिसतात. लेशवरून पूर्वी लाकडाच्या तराफ्यांची मोठी वाहतूक चालायची, त्यामुळे इथे तराफे खाली उतरवायला वेगळी वाटही ठेवलेली होती.

नदी खाली, गाव वर

गिरणीला पाणी मिळालं, पण पिण्याच्या पाण्याचं काय? ते उंचवट्यावरच्या घरांपर्यंत चढवायचं होतं, आणि तेही वीज किंवा वाफेचं इंजिन नसताना.

त्याचं उत्तर शहराच्या दक्षिण वेशीवर, 'रोटेस टोअर' म्हणजे लाल दरवाजापाशी दिसतं. इथे १४१६ मध्ये पहिला पाण्याचा मनोरा उभा राहिला. पुढे वाढत जाऊन तिथे तीन मनोऱ्यांचा समूह झाला. मोठा मनोरा, छोटा मनोरा आणि पेटी मनोरा अशी त्यांची नावं आहेत. रचना समजायला सोपी आहे. लेशमधून काढलेल्या कालव्याच्या पाण्यानं मोठं लाकडी चाक फिरायचं. चाकाच्या फिरण्यानं पंपाचे दट्टे वर-खाली व्हायचे. हे पंप झऱ्यांचं स्वच्छ पाणी उचलून मनोऱ्याच्या डोक्यावरच्या टाकीत चढवायचे. तिथून पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. आतून पोखरलेल्या ओंडक्यांच्या नळांमधून पाणी कारंजांना आणि ज्यांना परवडत होतं त्यांच्या घरांना जायचं.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आणि खालचा पंप डोळ्यांपुढे आणा. तत्त्व तेच, फक्त पंपाला वीजबिल नव्हतं. पाणीच पाण्याला वर चढवत होतं.

हे बघायला लोक तेव्हाही यायचे. इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यानं १६ व्या शतकाच्या मध्यात आपल्या ग्रंथात ऑग्सबर्गच्या पाणी उचलणाऱ्या यंत्राचं वर्णन केलं. फ्रेंच लेखक मिशेल द माँतेन १५८० मध्ये इथून गेला, तेव्हा त्याच्या प्रवासाच्या नोंदींतही इथल्या जलयंत्रणेला जागा मिळाली. पुढे १८ व्या शतकात कास्पार वाल्टर नावाच्या इथल्या जलप्रमुखानं या विषयावर ग्रंथच लिहिला. या यंत्रांच्या जुन्या लाकडी प्रतिकृती आजही शहरातल्या माक्सिमिलियान संग्रहालयात आहेत. मनोऱ्यात चढण्याआधी त्या बघितल्या तर वर काय चाललं असेल ते लगेच कळतं, कारण मनोऱ्यांमधली मूळ यंत्रणा आता जागेवर नाही.

१५४५ चा नियम

आता या सगळ्या वारशातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिचा फोटो काढता येत नाही.

ऑग्सबर्गनं १५४५ पासून पिण्याचं पाणी आणि कामाचं पाणी काटेकोरपणे वेगळं ठेवलं. युनेस्कोनं वारसा दर्जा देताना या गोष्टीचा खास उल्लेख केला आहे. पिण्यासाठी झऱ्यांचं पाणी, त्याचे ओढे वेगळे, त्याची वाट वेगळी. गिरण्या, कातडी कमावणारे, रंगारी, खाटीक यांच्यासाठी नदीचं पाणी, त्याचे कालवे वेगळे. जुन्या वेशीजवळ दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी यायचे. एक चाक फिरवायला, दुसरा वर चढायला. पण ते एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आज हे साधं वाटतं, म्हणून त्या वर्षाकडे पुन्हा बघायला हवं. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा संबंध ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी जोडला तो १८५४ मध्ये. सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतात हे मान्य व्हायला त्यानंतरही काही दशकं गेली. ऑग्सबर्गच्या कारभाऱ्यांना जंतू माहीत नव्हते. ज्या पाण्यात कातडी धुतली जातात ते पाणी पिऊ नये, एवढं त्यांना कळत होतं, आणि कळल्यावर त्यांनी त्याची व्यवस्था केली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या जलवाहिनीत सांडपाणी मिसळल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्या वाचताना हा आकडा आठवला तर चिडचिड होणं साहजिक आहे.

कामाच्या पाण्याचा वापर किती हुशारीनं झाला हे बघायचं असेल तर जुन्या गावातल्या खाटीकखान्यात जायला हवं. १६०९ मध्ये पूर्ण झालेली ही देखणी इमारत शहराचा वास्तुरचनाकार एलियास होल यानं बांधली. ऑग्सबर्गचं प्रसिद्ध नगरभवनही त्याचंच. खाटीकखान्याच्या पोटातून कालवा नेलेला होता. वाहत्या थंड पाण्यामुळे मांस थंड राहायचं आणि घाण वाहून जायची. फ्रिजच्या तीनशे वर्षं आधीचं शीतगृह म्हणा.

पिण्याच्या पाण्याचा थाट बघायचा तर माक्सिमिलियानश्ट्रासे या मुख्य रस्त्यावरून चाला. तिथे ऑगस्टस (१५९४), मर्क्युरी (१५९९) आणि हर्क्युलिस (१६०२) अशी तीन भव्य कारंजी आहेत. पहिल्याचं ब्राँझकाम हुबर्ट गेरहार्डचं, पुढच्या दोन्हींचं आद्रियान द व्रीसचं. ऑगस्टस कारंजाच्या कडेला चार जलदेवता बसल्या आहेत. लेश, वेर्टाख आणि झिंगोल्ड या तीन नद्यांच्या बरोबरीनं चौथी आहे ती झऱ्याचं पाणी आणणाऱ्या ओढ्याची. नगरानं आपल्या पिण्याच्या ओढ्याला नद्यांच्या पंगतीत बसवलं.

एवढा पैसा कुठून आला, असा प्रश्न पडेल. ऑग्सबर्ग तेव्हा युरोपातल्या सर्वांत श्रीमंत व्यापारी शहरांपैकी एक होतं. फुगर आणि वेल्झर ही इथली दोन बडी सावकार घराणी. आणि इथे कोकण किनारा या गोष्टीत येतो. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मैदाच्या भारताकडे निघालेल्या ताफ्यात या घराण्यांचा पैसा होता, आणि १६ व्या शतकाच्या अखेरीस त्यांचा प्रतिनिधी, ऑग्सबर्गचाच फर्डिनांड क्रोन, आधी कोचीनला आणि मग गोव्यात बसून मिरीचा व्यवहार बघत होता.

राजवाडा नव्हे, पंपघर

परत होखआब्लासकडे. बंधाऱ्यापासून थोड्याच अंतरावर झाडीत एक ऐटबाज इमारत दिसते. एखाद्या सरदाराचा वाडा असावा अशी. प्रत्यक्षात ते १८७९ मध्ये सुरू झालेलं शहराचं पंपघर आहे. आराखडा कार्ल आल्बर्ट गोलवित्सर यांचा. यंत्रं ऑग्सबर्गच्याच यंत्रकारखान्यात बनली. हा कारखाना म्हणजे आज ट्रकवर 'मॅन' असं नाव दिसतं त्या कंपनीचा पूर्वज. रुडॉल्फ डिझेलनं १८९० च्या दशकात आपलं इंजिन विकसित केलं तेही याच कारखान्यात.

हे पंपघर सुरू झालं आणि साडेचारशेहून अधिक वर्षं चाललेल्या लाल दरवाजाच्या मनोऱ्यांचं काम संपलं. कारण इथे मनोऱ्याची गरजच उरली नव्हती. कसं ते समजून घेण्यासारखं आहे.

कालव्याचं पाणी इमारतीखालच्या टर्बाइनवर पडायचं. टर्बाइन अवजड दट्ट्यांचे पंप चालवायची. पाणी यायचं ते शेजारच्या झीबेनटिश जंगलातल्या विहिरींमधून, म्हणजे जमिनीखालचं गाळून आलेलं पाणी. १५४५ चा नियम इथेही पाळलेला : चालवणारं पाणी नदीचं, प्यायचं पाणी जमिनीतलं.

अडचण अशी की दट्ट्याचा पंप पाणी धक्क्याधक्क्यानं फेकतो. एक जोराचा झोत, मग खंड, मग पुन्हा झोत. असे धक्के थेट नळांत गेले तर सांधे फुटणार. जुन्या पद्धतीत उंच टाकी हे धक्के पोटात घ्यायची. गोलवित्सरच्या पंपघरात टाकीऐवजी चार उभे लोखंडी हवेचे हंडे बसवले आहेत, प्रत्येक सुमारे १० मीटर उंच. हंड्यात खाली पाणी आणि वर कोंडलेली हवा. पंपाचा झोत आला की हवा दाबली जाते, खंड पडला की तीच हवा पाण्याला पुढे ढकलते. नळात जाणारं पाणी एकसारख्या दाबानं वाहतं. मनोऱ्याचं वजन हवेनं उचललं, असंच म्हणायचं.

पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये तळघरात प्रेशर पंप असतो. त्याच्या शेजारी एक लहानशी गोल टाकी बसवलेली असते. पाण्याच्या मीटरपेक्षा तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिच्या आतही हेच चाललेलं असतं.

होखआब्लासचं हे पंपघर १९७३ पर्यंत शहराला पाणी देत होतं. आत गेल्यावर आश्चर्य वाटतं ते स्वच्छतेचं. पितळ चकचकीत, लोखंडाला रंग, जिने-कठडे नक्षीदार. १९ व्या शतकातल्या इंजिनिअरांना आपलं यंत्र लपवून ठेवायचं नव्हतं, मिरवायचं होतं. आज तिथलं पाणी पंप चालवत नाही, वीज बनवतं. खुद्द बंधाऱ्यापाशीही २०१० नंतरच्या दशकात नवं जलविद्युत केंद्र झालं, पण ते बहुतेक जमिनीखाली आहे. शेजारून चालत जाल आणि कळणारही नाही.

कापड आणि वीज

१९ व्या शतकात कालव्यांच्या काठी कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि ऑग्सबर्गला 'जर्मनीचं मँचेस्टर' म्हणू लागले. सुरुवातीला पाण्याचा जोर दांडे आणि पट्ट्यांमधून थेट मागांपर्यंत पोहोचायचा. पुढे त्याच पाण्यावर जनित्रं बसली. दोन नद्यांच्या संगमाजवळचं वोल्फ्झानाऊ केंद्र १९०१ चं. शहराच्या उत्तरेला लेशच्या लांब कालव्यावर गेर्स्टहोफेन (१९०१), लांगवाइड (१९०७) आणि माइटिंगेन (१९२२) ही केंद्रं आहेत. चारही वारसा यादीत आहेत आणि चारही चालू आहेत.

मुंबईची गोष्ट फार वेगळी नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं तेही मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीच. घाटमाथ्यावरचं पाणी गिरणगावाला चालवत होतं. गिरण्या गेल्या, केंद्र राहिलं. ऑग्सबर्गमध्येही तेच झालं. इथल्या एका जुन्या लोकर गिरणीत आता वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे आणि त्यातले जुने माग चालवून दाखवतात.

नदीनं काय दिलं, काय गमावलं

जून १९१० मध्ये लेशला मोठा पूर आला आणि होखआब्लास वाहून गेला. बंधारा गेला म्हणजे कालव्यांचं तोंडच गेलं. नदीत पाणीच पाणी आणि कालव्यात यायला वाट नाही. १९११-१२ मध्ये काँक्रीटचा नवा बंधारा बांधला गेला. आज आपण चालतो तो हा.

काँक्रीटनं प्रश्न सुटला असं वाटेल, पण पाणी अडवणाऱ्या-वळवणाऱ्या प्रत्येक बांधकामाची किंमत कुणीतरी भरतं. इथे ती नदीनं भरली. लेश पूर्वी रुंद पात्रात अनेक फाटे करून वाहायची. खडीची बेटं तयार व्हायची, मोडायची, पुन्हा व्हायची. १९ व्या आणि २० व्या शतकात तिला सरळ केलं, काठ बांधले, वर धरणांची आणि वीज केंद्रांची रांग लागली. वरून येणारी खडी धरणांमागे अडकली. खडीविना वाहणारं पाणी भुकेलं असतं, ते तळच खायला लागतं. त्यामुळे अरुंद झालेल्या पात्राचा तळ खोल जात राहिला. तळ खाली गेला की काठचं भूजलही खाली जातं, आणि ऑग्सबर्ग पाणी पितं ते याच काठच्या जंगलातल्या जमिनीतलं. म्हणजे हा केवळ मासे आणि पक्ष्यांचा प्रश्न राहत नाही.

म्हणून होखआब्लासच्या वरच्या भागात 'लिका लिबेर' नावाचा प्रकल्प हाती घेतला आहे. लिका हे लेशचं जुनं लॅटिन नाव, लिबेर म्हणजे मुक्त. काठ मागे घ्यायचे, पात्राला पसरायला जागा द्यायची, तळाची झीज थांबवायची, असा त्याचा हेतू. त्याआधी वेर्टाखच्या बाबतीत शहरानं हा धडा जास्त कडू पद्धतीनं घेतला होता. १९९९ च्या मे महिन्यातल्या पुरात वेर्टाखवरचा एक बंधारा फुटला आणि उपनगरांत पाणी शिरलं. त्यानंतर तिचं पात्रही रुंद करण्यात आलं.

जलविद्युत म्हणजे स्वच्छ ऊर्जा, हे वाक्य आपण सहज बोलतो. धूर होत नाही या अर्थानं ते बरोबर आहे. पण होखआब्लासवर उभं राहून वर आणि खाली बघितलं की नदीच्या बाजूनंही हिशेब मांडावा लागतो. जागतिक वारसा म्हणून मिरवणाऱ्या शहराला तो मांडावा लागतोय, ही गोष्ट माहितीफलकांवरच्या कौतुकापेक्षा जास्त बोलकी आहे.

बर्फ बाहेर काढायची वाट, आणि त्यात ऑलिम्पिक

बंधाऱ्याजवळच 'आइसकनाल' आहे. नावाप्रमाणे हा बर्फाचा कालवा. हिवाळ्यात नदीतून येणारे बर्फाचे तुकडे कालव्यात शिरून यंत्रं अडवायचे. ते बाजूला काढून परत नदीत सोडायला ही वाट होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यात फाटकांमधून होडी काढण्याची शर्यत, पहिल्यांदा खेळवायचं ठरलं. आयोजकांनी या वाटेचं रूपांतर कृत्रिम शर्यतमार्गात केलं. जगातला अशा प्रकारचा तो पहिलाच.

पश्चिम जर्मनीनं घरच्या मैदानावर पदकांची स्वप्नं बघितली होती. पण शेजारच्या पूर्व जर्मनीनं आपल्याकडे झ्विकाउ इथे तसाच मार्ग बांधून सराव केला आणि चारही सुवर्णपदकं नेली. त्यानंतर हा खेळ ऑलिम्पिकमध्ये परत आला तो थेट १९९२ मध्ये. आइसकनालवर मात्र होड्या थांबल्या नाहीत. २०२२ ची जागतिक स्पर्धाही इथेच झाली. एरवी गेलात तरी कुणी ना कुणी सराव करताना दिसतं. हिरवळीवर बसा, बघा.

जायचं असेल तर

म्युनिकहून ऑग्सबर्गला दिवसभर गाड्या आहेत. दोन-चार जण असाल तर प्रादेशिक गाड्यांसाठीचं बव्हेरिया तिकीट स्वस्त पडतं, पण ते वेगवान आयसीई गाडीत चालत नाही. ही चूक बरेच पर्यटक करतात.

एका दिवसात सगळी २२ ठिकाणं होत नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. सकाळी नगरभवनाच्या चौकातून सुरुवात करावी, तीन कारंजी बघत दक्षिणेला लाल दरवाजाच्या मनोऱ्यांपर्यंत चालावं. तिथल्या जलप्रमुखाच्या जुन्या घरात कारागिरीचं छोटं संग्रहालय आहे. येता-जाताना खालच्या लेश वस्तीच्या गल्ल्यांतून फिरावं. घरांच्या दारासमोरून कालवे वाहतात आणि प्रत्येक दाराला आपला छोटा पूल आहे. शहरात व्हेनिसपेक्षा जास्त पूल आहेत असं ऑग्सबर्गकर सांगतात. याच भागात, कालव्यांच्या मध्ये असलेल्या एका घरात १८९८ मध्ये नाटककार बर्टोल्ट ब्रेश्टचा जन्म झाला. पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' ज्याच्या नाटकावरून आला तोच हा ब्रेश्ट. जवळच फुगरेई ही १५२१ ची गरिबांसाठीची वसाहत आहे. तिथे आजही लोक राहतात आणि घरभाडं वर्षाला ८८ सेंट.

दुपारनंतर होखआब्लास. गावातून ते साधारण चार-पाच किलोमीटर आहे. सायकल सर्वांत उत्तम, कारण वाट झीबेनटिश जंगलातून जाते. चालतही जाता येतं. बंधारा आणि आइसकनाल कधीही बघता येतात. पंपघर आणि मनोरे मात्र आतून बघायचे तर ते ठरावीक दिवशीच, बहुतेक उन्हाळी मोसमात, उघडतात. तारखा शहराच्या पर्यटन संकेतस्थळावर आधी बघून घ्या, नाहीतर काचेतून डोकावून परत यावं लागेल.

ऋतूचं म्हणाल तर मे ते सप्टेंबर चांगला. वर्षातून एकदा, साधारण शरद ऋतूत, शहरातले कालवे साफसफाईसाठी रिकामे केले जातात. त्याआधी मासे काढून दुसरीकडे सोडतात. त्या दिवसांत गेलात तर वाहते कालवे दिसणार नाहीत. पण ज्यांना बांधकामात रस आहे त्यांनी मुद्दाम तेव्हाच जावं. एरवी पाण्याखाली असलेली तळाची रचना तेव्हाच उघडी पडते.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यायची. बंधाऱ्यापाशी पाण्यात उतरायचं नाही. वरून पडणारं पाणी खाली आदळून परत बंधाऱ्याकडेच वळतं आणि तिथे गोल फिरत राहतं. त्यात अडकलेल्या माणसाला चांगलं पोहता येत असलं तरी बाहेर पडता येत नाही. वरून बघताना तो फक्त पांढरा फेस दिसतो. पोहायची इच्छा असेल तर बंधाऱ्याला लागूनच कूझे नावाचा तलाव आहे. नावाचा अर्थ 'गाईंचा तलाव'. उन्हाळ्यात अर्धं ऑग्सबर्ग तिथेच असतं.